सी आणि डी एकाच डब्यात

पत्राचा सारांश : खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. बसस्टँडजवळ नवरा-बायको मिळून झेरॉक्स, डीटीपी आणि फोटोचं दुकान चालवतात. मराठी-कन्नड लग्नपत्रिका, अर्ज-उतारे आणि लग्नसराईत फोटो अशी कामं असतात. आता व्हिडिओही सुरू करायचाय. कॉम्प्युटर २०१४ चा आहे : चौथ्या पिढीचा आय३, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि मूळची एकच ५०० जीबी हार्ड डिस्क, त्यातली ४०० भरलेली. सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागतात आणि फाइल उघडताना मधेच पडदा गोठतो. मागच्या वर्षी त्यांच्या दुसऱ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क दोन वर्षांच्या आतच गेली, एका लग्नाचे सगळे फोटो गेले आणि गिऱ्हाइकाशी मोठा वाद झाला. (कंपनीचं नाव पत्रात आहे, इथं गाळलंय.) 'त्या कंपनीची वस्तू पुन्हा दारात नको. मेहुणे एक नाव सांगतात, बेळगावचा दुकानदार दुसरंच. त्याच्याकडे १ टीबीची नवीन डिस्क निम्म्या भावात आहे म्हणे. पुण्यात असलेला भाचा म्हणतो, एसएसडीच (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घ्या. खात्रीची कंपनी कुठली तेवढं सांगा, एकदाच काय ते पैसे घालू. डेटाची काळजी नाही, त्या प्रसंगापासून प्रत्येक काम सी आणि डी दोन्हीकडे ठेवतो.'

नमस्कार. कंपनीकडे येऊच, पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घ्यायला हवं, कारण धोका तिथं आहे. कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क एकच आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग सी आणि डी हे त्याच डिस्कवर आखलेले दोन कप्पे झाले. रानात मधे बांध घातला म्हणून पाऊस एकाच बाजूला पडत नाही. विंडोज बिघडली आणि सी पुन्हा फॉरमॅट करावा लागला, तर डी वाचतो, एवढाच त्या कप्प्यांचा उपयोग. डिस्कचं तबकडीवरून वाचणारं हेड, मोटर किंवा खालचा सर्किट बोर्ड गेला, की दोन्ही कॉप्या एकाच क्षणी जातात. पडताळून बघायचं असेल तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. 'डिस्क ०' या एकाच पट्टीत सी आणि डी शेजारी-शेजारी दिसले, तर डबा एकच.

आणि तुम्ही सांगता ती लक्षणं काही चांगली नाहीत. हळू चालण्याचा दोष ४ जीबी रॅमवरही जातो. पण ठरावीक फाइल उघडतानाच पडदा गोठत असेल, तर डिस्क एखादा कमजोर सेक्टर (डेटा ठेवायचा बारीक तुकडा) पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असण्याची शक्यता जास्त. अंदाज बांधत बसण्यापेक्षा तपासा. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा फुकट प्रोग्राम उतरवून घ्या. त्यातले आकडे सुरुवातीला कॉम्प्युटरी सोळाच्या पद्धतीत दिसतात आणि माणूस उगाच गोंधळतो. म्हणून 'फंक्शन' मेनूत 'अॅडव्हान्स्ड फीचर', त्यात 'रॉ व्हॅल्यूज' आणि तिथं '१० [डेक]' निवडा. मग चार ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कनं बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येईनात म्हणून निकालाची वाट बघत असलेले. सी६ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. हे तिन्ही शून्य असावेत. ०५ चा आकडा लहान असून महिनोन् महिने तेवढाच राहिला तर काही काळ ढकलता येईल. सी५ मध्ये काहीही दिसलं किंवा कुठलाही आकडा आठवड्याला वाढत गेला, तर त्या डिस्कचे दिवस भरले. वर निळ्या रंगात 'गुड' लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका.

चौथी ओळ सी७. ती वाढत असेल तर बऱ्याचदा दोष डिस्कचा नसून ती बोर्डाला जोडणाऱ्या सॅटा केबलचा असतो. सैल झालेली किंवा मुडपलेली केबल बदलली की आकडा वाढायचा थांबतो. आधीचा आकडा मात्र शून्य होत नाही, तो तसाच राहतो. सीगेटच्या डिस्कमध्ये ०१ आणि ०७ या ओळींत कोट्यवधींचे आकडे दिसतात. ते त्या कंपनीच्या मोजण्याच्या पद्धतीमुळे, बिघाडामुळे नव्हे. तेवढ्यावरून धडधाकट डिस्क भंगारात गेल्याचं पुष्कळदा होतं.

निकाल काहीही येवो, पहिली खरेदी एक्स्टर्नल डिस्कची, आणि ती याच आठवड्यात. सी५ मध्ये आकडा असेल तर तोवर डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) करू नका आणि चेकडिस्कही चालवू नका. 'डिस्क दुरुस्त करतो' म्हणत चेकडिस्क मरणोन्मुख डिस्कला तासन् तास घुसळत राहतं, आणि जी डिस्क कॉपी काढेपर्यंत टिकली असती ती त्यातच जाते. एक्स्टर्नल डिस्क कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या यूएसबी पोर्टला लावा. निळ्या पोर्टवर ४०० जीबी साधारण एक-दीड तासात निघतात, बारीक फाइली खूप असतील तर दुप्पट वेळ धरा. काळ्या जुन्या पोर्टवर तेच काम साडेतीन-चार तास खातं. सगळं एकदम उचलू नका. ज्यांचे अल्बम अजून द्यायचेत ती लग्नं आधी, मग यंदाची बाकीची, मग पत्रिकांच्या फाइली, जुनं शेवटी. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढं जा, तिच्यापाशी परत नंतर या. डिस्कमधून 'टक् टक्' असा ठोका यायला लागला तर मात्र लगेच बंद करा आणि पुन्हा सुरू करून बघायचा मोह टाळा. हेड बहुधा गेलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी सुरू करताना ते तबकडीवर ओरखडे काढू शकतं. मग काम डेटा रिकव्हरीवाल्याचंच.

आता कंपनी. बाजारात खोक्यांवर नावं पुष्कळ दिसतात, पण फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. मॅक्सटॉर २००६ मध्ये सीगेटनं घेतली, सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदाही २०११ मध्ये तिनंच घेतला आणि हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला. एक्स्टर्नल डिस्कवर नाव कुणाचंही असो, आतली डिस्क या तिघींपैकीच एकीची. म्हणून 'ती कंपनी दारात नको' म्हणताना तुम्ही तिघींपैकी एक बाद करताय, तीही एका नगाच्या अनुभवावरून.

कंपनीचं नाव किती फसवतं बघा. २००० साली आलेली आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी इतकी बंद पडायची, की लोक तिला 'डेथस्टार' म्हणू लागले. आयबीएमनं पुढं तो धंदाच हिताचीला विकला. त्याच घराण्यातल्या हिताचीच्या डिस्क दहा वर्षांनी सगळ्यात टिकाऊ म्हणून नावाजल्या गेल्या. सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल, एसटी३०००डीएम००१, असंच बदनाम झालं आणि त्यावरून २०१६ मध्ये अमेरिकेत खटलाही दाखल झाला. त्याच कंपनीच्या इतर कितीतरी डिस्क त्याच काळात गुमान चालत होत्या. बॅकब्लेझ ही अमेरिकी साठवण कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कची २०१३ पासूनची नोंद जाहीर करते. ती बघितली की एवढं दिसतं, की फरक कंपनी-कंपनीत कमी आणि मॉडेल-मॉडेलमध्ये जास्त पडतो. तिथं सगळ्या मिळून वर्षाला शंभरातल्या एक-दोन डिस्क जातात. शिवाय त्या थंड खोलीत, अखंड विजेवर चालणाऱ्या. तुमच्या दुकानातलं हवामान आणि हेस्कॉमची वीज त्या आकड्यांत धरलेली नाही.

वर्षाला शंभरात दीड जाते असं धरलं, तरी पाच वर्षांत शंभरातल्या सातेक जातात. चांगलं मॉडेल निवडून ते सातचे पाच होतील, शून्य होत नाहीत. पण दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी असेल तर दोन्ही एकाच आठवड्यात जाण्याची शक्यता नगण्य होते. तुमचे पैसे 'खात्रीच्या' एका डिस्ककडे चाललेत, ते साधारण बऱ्या दोन डिस्ककडे वळवा.

मॉडेल निवडताना एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही : डिस्क सीएमआर की एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाचे माग शेजारी-शेजारी सुटे असतात, एसएमआर डिस्कमध्ये ते कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. आपल्याकडं मंगळुरी कौलं चाळताना मधलं एक फुटकं कौल काढायचं तर वरची ओळ उचलावी लागते, तसंच या डिस्कला मधला थोडा डेटा बदलायचा तर शेजारचा बराचसा पुन्हा लिहावा लागतो. थोडं काम असेल तर कळत नाही. पण एका लग्नाचा ८० जीबी माल एकदम ओतला, की सुरुवातीला दीडशे एमबीनं पळणारी कॉपी मध्यावर वीस-तीसवर येते, आणि माणसाला वाटतं डिस्क बिघडली. वेस्टर्न डिजिटलनं आपल्या रेड मालिकेतल्या काही डिस्कमध्ये ही पद्धत गाजावाजा न करता घातली होती. २०२० मध्ये ते उघड झाल्यावर बराच गदारोळ झाला. बॅकअपच्या डिस्कला एसएमआर चालतं, तिच्यावर एकदाच लिहायचं असतं. ज्या डिस्कवर रोज काम करायचं ती सीएमआर हवी.

साध्या डेस्कटॉप डिस्कमध्ये १ टीबीच्या वेस्टर्न डिजिटल ब्लू डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स आणि सीगेट बॅराकुडा एसटी१०००डीएम०१० या दोन्ही सीएमआर आहेत. २ टीबीला गेलात की तीच नावं फसवतात : बॅराकुडा एसटी२०००डीएम००८ एसएमआर, ब्लू डब्ल्यूडी२०ईझेडबीएक्सही एसएमआर. २ टीबीत सीएमआर हवी असेल तर सीगेट आयर्नवुल्फ किंवा वेस्टर्न डिजिटल रेड प्लस घ्या. दोन्हींना ३ वर्षांची वॉरंटी आहे, साध्या ब्लू-बॅराकुडाला २. नुसतं 'रेड' आणि 'रेड प्लस' यात गल्लत करू नका. आणि बेळगावात सीसीटीव्हीचा धंदा जोरात असल्यानं दुकानदार जांभळ्या लेबलची कॅमेऱ्याची डिस्क पुढं करतो. ती कॉम्प्युटरला चालते, पण चोवीस तास एकसारखं लिहीत राहण्यासाठी बनवलेली असते. दुसरी मिळत असताना ती घ्यायचं कारण नाही. किती टीबी, हा हिशेब सोपा आहे. व्हिडिओ धरून एका लग्नाचे ८० जीबी आणि वर्षाला बारा लग्नं म्हणजे जवळजवळ १ टीबी. म्हणजे २ टीबी दोन वर्षांची सोय.

भाच्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. कॉम्प्युटर सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागतात, त्यावर नवीन हार्ड डिस्क हा उपायच नाही. तो रोग एसएसडीनंच जातो. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली वाचते. तबकडीचं हेड प्रत्येक फाइलीसाठी इकडून तिकडं धावतं, एसएसडीला धावावंच लागत नाही. याच जुन्या मशीनवर वेळ मिनिटाच्या आत येईल. पण तुमच्या बोर्डाला सॅटाचीच २.५ इंची एसएसडी घ्या. ती सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते, आणि तेवढं पुष्कळ झालं. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई एसएसडी कितीही वेगवान असली तरी एच८१ च्या बोर्डावर तिला सहसा खाचच नसते.

एसएसडीत नाव थोडं जास्त बघावं लागतं, कारण चिप्स विकत घेऊन जोडणारे शेकडो आहेत. खोक्यावर 'टीएलसी' (चिपच्या एका कप्प्यात तीन बिट) असावं, 'क्यूएलसी' (चार बिट, म्हणून कमी टिकाऊ) शक्यतो टाळा. ५ वर्षांची वॉरंटी आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती लिहिता येईल तो आकडा, छापलेला असावा. सॅमसंग ८७० इव्हो ५०० जीबीला तो ३०० टीबी आहे. तुम्ही रोज २० जीबी लिहिलेत तरी तो गाठायला चाळीस वर्षं लागतील. तेव्हा 'एसएसडी झिजते' ही भीती सोडून द्या.

भाच्यानं न सांगितलेली बाजू वेगळीच आहे. हार्ड डिस्क बऱ्याचदा कुरकुरते, आकडे वाढवते, सूचना देऊन जाते. एसएसडी काल चालत होती आणि आज बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसतच नाही, अशी जाते. तिच्यातला डेटा परत काढणं जास्त अवघड आणि महाग. चुकून पुसलेला फोटो हार्ड डिस्कवरून रेक्युव्हा किंवा फोटोरेक वापरून पुष्कळदा परत मिळतो. एसएसडी मात्र 'ट्रिम' नावाच्या सोयीमुळे मोकळी झालेली जागा लगेच साफ करून टाकते. बंद करून कपाटात वर्षानुवर्षं ठेवायलाही ती योग्य नाही, चिपमधला विजेचा भार हळूहळू ओसरतो. म्हणून ५०० जीबीची एसएसडी विंडोज, कोरल, पेजमेकर आणि चालू कामासाठी, झालेली कामं हार्ड डिस्कवर, आणि दोन्हींची कॉपी बाहेर.

मशीन नवीनच घ्यावं का? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण टाळता येत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चौथ्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट त्या तारखेनंतर आणखी वर्षभर मिळतात. दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह घेणाऱ्या दुकानाला ही गोष्ट क्षुल्लक नाही. व्हिडिओचं एडिटिंग खरंच सुरू करणार असाल तर हा प्रोसेसर तसाही पुरणार नाही. तरी आज घेतलेली सॅटा एसएसडी आणि हार्ड डिस्क उद्याच्या मशीनमध्ये जशीच्या तशी लागते, म्हणून हा खर्च वाया जात नाही. रॅम मात्र डीडीआर३ आहे, ती पुढं चालणार नाही. ४ जीबीची आणखी एक जुनी पट्टी मिळाली तर घाला, नवीनवर पैसे नकोत.

निम्म्या भावातली ती 'नवीन' १ टीबी. निम्मा भाव हेच तिचं ओळखपत्र. सीसीटीव्हीच्या बंद पडलेल्या डीव्हीआरमधून आणि जुन्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या डिस्क पुसून, नवीन लेबल लावून बाजारात येतात. घेण्याआधी दुकानातच त्यांच्या मशीनला जोडायला लावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नवीन डिस्कवर तो आकडा शून्य ते फार तर दहा-वीस असतो. वर्षाचे तास होतात ८७६०. तेव्हा २६,००० दिसले तर डिस्क तीन वर्षं अखंड राबलेली आहे. हा आकडाही पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क अशाच शून्य करून नवीन म्हणून विकल्याचं उघडकीला आलं. म्हणून दुसरी खूण बघा : लेबलवरचा सिरीयल नंबर त्या कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीच्या पानावर टाका. दोन वर्षांच्या वॉरंटीची डिस्क असेल तर तारीख साधारण दोन वर्षं पुढची यायला हवी. चार महिने उरलेले दिसले, 'वॉरंटी नाही' आलं किंवा नंबरच सापडला नाही, तर सरळ उठा. तिसरी खूण स्क्रूच्या भोकांत आणि सॅटाच्या सोनेरी पट्ट्यांवर असते. एकदा लावून काढलेल्या डिस्कवर तिथं बारीक ओरखडे दिसतातच.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. बेळगावात घ्या, कोल्हापुरात घ्या किंवा ऑनलाइन, भावात शे-दोनशेचा फरक असेल तर परत द्यायला जाता येईल तिथं घ्या. वॉरंटीत बदलून मिळते ती बऱ्याचदा दुरुस्त केलेली डिस्क असते, आणि डेटाची जबाबदारी कुठलीच कंपनी घेत नाही. तुमची मागची डिस्क वॉरंटीत असतानाच गेली होती. डिस्क बदलून मिळालीही असती, पण त्या लग्नाचे फोटो मिळाले नसते.

ती डिस्क दोन वर्षांत का गेली, याचं उत्तर कंपनीत असेल किंवा भिंतीतल्या पिनेतही असेल. पावसाळ्यात तुमच्याकडं वीज दिवसातून किती वेळा येते-जाते हे तुम्हाला सांगायला नको. वीज अचानक गेली की फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीवर डिस्क हेड कसंबसं बाजूला घेते. क्रिस्टलडिस्कइन्फोत सी० ही ओळ अशा प्रसंगांची मोजणी करते. ती शेकड्यांत गेली असेल तर उत्तर तिथंच आहे. स्वस्त एसएसडीची गत त्याहून वाईट : लिहिता लिहिता वीज गेली तर कुठली फाइल कुठं आहे याची यादीच बिघडते.

६०० व्हीएचा यूपीएस दहा मिनिटं देतो, सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरतात. त्यावर फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन चुकूनही नको. त्यांचा फ्यूजर (शाईची पूड वितळवून कागदावर बसवणारा रोलर) तापताना एवढी वीज ओढली जाते, की यूपीएसच कोलमडतो. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. दोन महिन्यांतून एकदा सगळ्या फाइली बंद करून, भिंतीतलं बटण बंद करून बघा. जुन्या कौलारू इमारतीत दुकान असेल तर वायरमनकडून अर्थिंगही तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीनपेक्षा जास्त व्होल्ट दिसले तर दुरुस्ती हवी. अकरा वर्षांचा एसएमपीएसही (कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा) याच खर्चात बदलून टाका. नवी डिस्क जुन्या एसएमपीएसला लावणं म्हणजे नवा बल्ब जळक्या होल्डरात बसवणं.

बसवताना काही ठिकाणी हमखास चुकतं. एच८१ बोर्डावर सॅटाची दोन पोर्ट ६ जीबीची आणि उरलेली निम्म्या वेगाची असतात. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, एसएसडी ६ वाल्यालाच लावा. विंडोज कॉपी करून आणण्यापेक्षा नवीनच टाका, अकरा वर्षांचा गाळ कशाला न्यायचा? आणि टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर विंडोज सुरू करणारी बारीकशी फाइल कधी कधी जुन्या डिस्कवर जाऊन बसते. पुढं ती डिस्क काढली की एसएसडी असूनही मशीन उठत नाही, आणि दोष एसएसडीला लागतो. विजेची पिन कमी पडली तर चार पिनांच्या जुन्या जोडणीवरून सॅटा काढणारा प्लास्टिकमध्ये ओतलेला स्वस्त जोड वापरू नका, ते आतून शॉर्ट होऊन जळतात. फॉरमॅटआधी मराठी-कन्नड फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी, डोंगल आणि लायसन्स हाताशी आहे का बघा. विंडोजचा फॉन्ट फोल्डर जसाच्या तसा कॉपी करून ठेवा. पेजमेकरमधल्या जुन्या पत्रिका त्या फॉन्टशिवाय उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसतो.

बॅकअपसाठी एक्स्टर्नल दोन हव्यात. त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या तर उत्तम. कंपनीच्या नावाचा खरा उपयोग इथं आहे, एका लॉटचा दोष दोन्हींना लागत नाही. एक दुकानात, एक घरी, आणि दुकानाच्या सुट्टीदिवशी अदलाबदल. 'फ्रीफाइलसिंक' हा फुकट प्रोग्राम नवीन आणि बदललेल्या फाइलीच तेवढ्या कॉपी करतो, त्यामुळे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. सतत लावलेली राहिली तर एखाद्या गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून आलेला खंडणीवाला व्हायरस तिलाही कुलूप लावतो. कार्डावरचे फोटो दोन ठिकाणी गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. आणि कॉपी झाली म्हणजे झाली असं धरू नका, मधले चार-पाच फोटो आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत उघडून बघा. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा.

सगळं एकदम झेपत नसेल तर क्रम असा : आधी एक एक्स्टर्नल, मग यूपीएस (असेल तर त्याची बॅटरी), मग एसएसडी, मग दुसरी एक्स्टर्नल. आतली २ टीबी सर्वात शेवटी. जुनी ५०० जीबी तपासणीत स्वच्छ निघाली तर तोवर जुन्या कामांसाठी ती चालते, बिघडलेली निघाली तर ती लगेच काढायची.

ती काढलीत तरी भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यावर अकरा वर्षांचे लोकांचे आधार कार्ड, मार्क्स कार्ड आणि जमिनीचे आरटीसी उतारे आहेत, आणि डिलीट करून ते जात नाहीत. चालत असेल तर सगळं बाहेर आल्याची खात्री करून पूर्ण फॉरमॅट मारा. त्यासाठी 'क्विक'ची खूण काढायची, दोन-तीन तास लागतील. चालत नसेल तर ड्रिलनं तबकडीतून आरपार दोन-तीन भोकं पाडा.

राहिला गिऱ्हाइकाशी झालेला वाद. फोटो किती दिवस सांभाळायचे हे तुमच्या पावतीवर कुठंच लिहिलेलं नसणार. पुढच्या पावतीपुस्तकात मराठी आणि कन्नड दोन्हीत एक ओळ छापून घ्या : 'अल्बम दिल्यापासून ९० दिवसांनंतर मूळ फोटोंची जबाबदारी दुकानाची नाही.' आणि अल्बम देतानाच सगळे फोटो एका पेनड्राइव्हवर घालून द्या, त्याचे पैसे दरात धरा.